सोयरीक, दत्तक आणि खालसा : फोर्ट विल्यमपासून गणकयंत्रापर्यंत

अमुक संगणक कंपनी तमुक कंपनीच्या पोटात जाणार, अशी एखादी वदंता अर्थविषयक पानावर झळकली नाही असा महिना हल्ली क्वचितच जातो. पूर्वी अशा वार्ता दलालांच्या आणि भागधारकांच्या कुतूहलाचा विषय असत. आज त्या घरगुती काळजीचा विषय झाल्या आहेत. घरातील कोणी ना कोणी पुण्यास, बंगळुरास किंवा सातासमुद्रापलीकडे याच धंद्यात गुंतलेले असते. कंपनीच्या नावाची पाटी बदलणार असे कानावर आले की, ‘आता आपल्या माणसाचे काय?’ हा प्रश्न प्रथम स्वयंपाकघरात उमटतो आणि मग बैठकीच्या खोलीत येतो.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. ज्या नगरीत आपण आपले मंडळ उभे केले आणि पन्नास वर्षे सांभाळले, त्या नगरीचे बाल्यच दोन कंपन्यांच्या भांडणात आणि पुढे त्यांच्या मीलनात गेले आहे. फोर्ट विल्यमचा किल्ला आपण मैदानावरून जातायेता पाहतो. परंतु त्या नावाशी व्यापारी इतिहासातील एक मोठे विलीनीकरण निगडित आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या कथेची उजळणी करावी आणि तिच्या प्रकाशात आजच्या यंत्रयुगातील घडामोडी पाहाव्यात, असा आमचा मानस आहे.

जॉब चार्नॉक सुतानुटीच्या घाटावर उतरला तो १६९० च्या ऑगस्टात. १६९६ साली शोभासिंहाच्या बंडाने बंगाल हादरला, तेव्हा आपल्या वखारीभोवती तटबंदी करण्याची संधी इंग्रजांनी साधली. १६९८ मध्ये सुतानुटी, कोलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांची जमीनदारी त्यांनी १,३०० रुपयांस घेतली. १७०० साली बंगालचा स्वतंत्र इलाखा झाला, राजा तिसरा विल्यम याचे नाव किल्ल्यास मिळाले आणि चार्नॉकचा जावई सर चार्ल्स आयर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. हा किल्ला म्हणजे आजचा मैदानावरचा किल्ला नव्हे. तो लाल दिघीच्या पश्चिमेस, जेथे आज मोठे टपाल कार्यालय उभे आहे त्या परिसरात, गंगेच्या काठाला लागून होता.

किल्ल्याच्या भिंती चढत होत्या त्याच वेळी त्याच्या मालकांच्या पायाखालची जमीन मात्र लंडनमध्ये सरकत होती. १६०० सालापासून पूर्वेच्या व्यापाराची मक्तेदारी भोगणाऱ्या जुन्या कंपनीस १६९८ च्या सप्टेंबरात एक सवत आली. फ्रान्सशी झालेल्या युद्धामुळे तिजोरी रिकामी झाली होती. जे व्यापारी सरकारला २० लाख पौंड आठ टक्के व्याजाने देतील त्यांना पूर्वेच्या व्यापाराचा अधिकार, असा सौदा पार्लमेंटने केला, आणि त्यातून नवी इंग्रज कंपनी जन्मास आली. जुन्या कंपनीचे कारभारी कच्चे नव्हते. त्यांनी आपल्या खजिनदाराच्या नावे त्याच कर्जात ३,१५,००० पौंड गुंतवून प्रतिस्पर्ध्याच्या घरातच आपला पाट मांडला. प्रतिपक्षाचे भाग हळूच विकत घेऊन ठेवण्याची जी खेळी आजचे धनिक खेळतात, ती तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढील चार वर्षे हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर इंग्रजांची जी भाऊबंदकी चालली, ती आपल्याकडील कोणत्याही वतनाच्या तंट्यास शोभावी. मद्रासेस जुन्या कंपनीचा टॉमस पिट, तर मच्छलीपट्टणास नव्या कंपनीचा, त्याच्याच नात्यातला जॉन पिट. सुरतेस नव्या कंपनीचा सर निकोलस वेट, तर मुंबईस जुन्या कंपनीचा सर जॉन गेयर. बंगालमध्ये कलकत्त्यास जुन्या कंपनीचा जॉन बियर्ड, तर हुगळीस नव्या कंपनीचा सर एडवर्ड लिट्लटन. हा लिट्लटन पूर्वी जुन्याच कंपनीचा नोकर होता. नव्या कंपनीच्या प्रमुखांना राजाने ‘कॉन्सल’ ही पदवी दिली होती. जुन्या कंपनीची माणसे ती मानावयास तयार नव्हती. गेयर सुरतेत मोगलांच्या अटकेत पडला आणि १७०४ साली मुंबईची गव्हर्नरी वेटच्या हाती गेली.

या भांडणाचा एक अंक आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही घडला. नव्या कंपनीने सर विल्यम नॉरिस नावाचा वकील औरंगजेब बादशहाकडे पाठविला. १७०१ च्या एप्रिलात तो बादशहाच्या छावणीत पोहोचला, तेव्हा ती छावणी पन्हाळ्याच्या पायथ्याशी होती. राजाराम महाराजांच्या मृत्यूस वर्ष लोटले होते, ताराबाईंनी राज्याची धुरा उचलली होती आणि मोगली तोफा पन्हाळ्यावर धडाडत होत्या. त्या धामधुमीत हा इंग्रज वकील नजराणे घेऊन उभा राहिला. समुद्रावरील चाच्यांच्या बंदोबस्ताची हमी बादशहाने मागितली. ती देणे नॉरिसच्या आवाक्यातले नव्हते. वकिलात निष्फळ झाली आणि १७०२ मध्ये परतीच्या प्रवासात नॉरिस वारला. इंग्रज म्हणविणाऱ्या दोन कंपन्यांतील खरी कोणती, हे ठरविण्याची यातायात मोगल दरबाराने तरी का करावी?

अखेरीस शहाणपण सुचले ते खर्चाच्या धास्तीने. १७०० सालीच राजाने दोघांनी एक व्हावे असे सुचविले होते. २२ जुलै १७०२ रोजी, राणी ॲनच्या कारकिर्दीत, तिहेरी करार झाला. त्या करारात एक विलक्षण गोष्ट होती. दोन्ही कंपन्यांना आपापली जुनी देणीघेणी आणि येणे असलेली बाकी निस्तरण्यासाठी सात वर्षांचा अवधी दिला होता. तोवर नवा व्यापार एकत्र आणि जुने हिशेब वेगळे. फोर्ट विल्यममध्ये १७०४ पासून जो कारभार सुरू झाला त्यास ‘पाळीचे सरकार’ म्हणतात. दोन अध्यक्ष आठवड्याआड खुर्चीवर बसत. एका आठवड्यात एका पक्षाची आज्ञा, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याची. ही व्यवस्था गैरसोयीची होती, आणि १७१० साली अँथनी वेल्टडेन हा एकच अध्यक्ष येऊन ती संपली. तरीही तिच्यामागील विचार उपेक्षणीय नव्हता. ज्यांनी काल एकमेकांविरुद्ध मोगलांकडे कागाळ्या केल्या, त्यांना एका टेबलाशी बसवून एकमेकांचे दप्तर ओळखावयास लावणे, हाच तो विचार होय.

उरलेल्या वादांचा निवाडा लॉर्ड गोडॉल्फिन यांनी २९ सप्टेंबर १७०८ रोजी दिला. १७०९ च्या मार्चात जुन्या कंपनीने आपली सनद परत केली आणि ‘संयुक्त कंपनी’ एकटी उरली. या सोयरिकीचा हुंडा सरकारने घेतला : आणखी १२ लाख पौंड, तेही बिनव्याजी. पुढे प्लासी, बक्सार आणि अखेर पुणे जिंकले ते याच संयुक्त कंपनीने. दोन घरे भांडत राहिली असती तर हिंदुस्थानचा इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, याची कल्पना करण्याचे काम आम्ही वाचकांवर सोपवितो.

कंपन्यांच्या एकीकरणाचा हा पहिला प्रकार. त्यास आम्ही सोयरीक म्हणतो. दोन्ही घरांची प्रतिष्ठा राहते, दोन्हीकडचे कर्ज मोजले जाते आणि नव्या घराला नवे नाव मिळते. आपल्या परंपरेत घराणी पुढे चालविण्याचा दुसरा मार्ग दत्तकाचा. कूळ दुसऱ्याचे, नाव नव्या घराचे, पण वाडा आणि माणसे तीच. आणि तिसरा मार्ग आपल्या इतिहासास फार ओळखीचा आहे. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. त्याच्या राजवटीची सूत्रे याच शहरातून हलत, आणि लाल दिघीच्या चौकास दीर्घकाळ त्याचेच नाव होते. आज तो विनय-बादल-दिनेश बाग झाला आहे. सोयरीक, दत्तक आणि खालसा ही तीन मापे हाती घेतली म्हणजे गणकयंत्रांच्या धंद्यातील घडामोडी उलगडू लागतात.

हिंदुस्थानात पहिले अंकीय गणकयंत्र आले ते याच शहरात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली बरानगर येथे ‘एचईसी-२एम’ हे यंत्र विलायतेहून आणविले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावर ते आधारलेले होते. त्याची स्मृती म्हणजे एक फिरते चुंबकीय पिंप. त्यात जेमतेम १,०२४ शब्द मावत. आजच्या लहान मुलाच्या खेळण्यातही याहून अधिक स्मृती असते. तथापि पंचवार्षिक योजनांचे गणित करू पाहणाऱ्या देशास त्या पिंपाचे अप्रूप होते.

हे यंत्र घडविले होते ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने. अमेरिकेतील हॉलरिथच्या छिद्रपत्र-यंत्रांचा परवाना घेऊन ती विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, आणि पुढे आयबीएम बनलेल्या अमेरिकन कंपनीशी असलेले तिचे नाते १९४९ मध्ये तुटले. बरानगरला यंत्र येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १९५९ मध्ये, तिची आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी पॉवर्स-सामास कंपनीशी सोयरीक झाली आणि ‘आयसीटी’ हे नाव लागले. पुढे ईएमआय आणि फेरांटी यांचे व्यापारी संगणक विभागही तिने घेतले. दुसरीकडे चहाची उपाहारगृहे चालविणाऱ्या लायन्स कंपनीने १९५१ मध्ये ‘लिओ’ नावाचा कचेरीकामाचा संगणक चालू केला होता. तो संसार इंग्लिश इलेक्ट्रिककडे गेला, त्यात मार्कोनी आणि इलियट यांच्या शाखा मिसळल्या. १९६८ साली हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने मध्यस्थी करून हे दोन्ही गट एकत्र आणले. सरकारने स्वतः दहा टक्के भाग घेतला आणि ‘आयसीएल’ जन्मली. अमेरिकन आयबीएमपुढे एकेकट्याने टिकाव लागणार नाही, ही भीती या सोयरिकीमागे होती.

येथे जिज्ञासू वाचक विचारील की, यंत्रे करणाऱ्या कंपन्यांनाच ही एकीकरणाची घाई का? कारण उघड आहे. नव्या यंत्राचा आराखडा करण्यास अफाट पैसा लागतो. तो एका यंत्राच्या विक्रीवर पडो की हजारांच्या, खर्च तोच. म्हणून गिऱ्हाइकांची संख्या वाढविणे हा जगण्याचा मार्ग ठरतो, आणि गिऱ्हाईक मिळविण्यापेक्षा गिऱ्हाइकासकट कंपनीच विकत घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. परंतु गिऱ्हाइकाची अडचण वेगळी असते. त्याने यंत्र घेतले म्हणजे सुटे भाग, दुरुस्ती आणि यंत्राची ‘भाषा’ या सर्वांसाठी तो त्या घराशी बांधला जातो. घर विकले गेले तर त्याच्या यंत्राचा वाली कोण? याच धास्तीतून स्वावलंबनाचा विचार बळावतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले आणि १९६० मध्ये चालू झालेले ‘टिफ्रॅक’, आणि येथील सांख्यिकी संस्था व जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून १९६६ साली पूर्ण केलेले ‘इसिजू-१’, ही दोन यंत्रे त्या विचाराची साक्ष देतात.

आयसीएलच्या वंशवेलीची एक फांदी आपल्या पुण्यास रुजली होती. ‘आयसीआयएम’ या नावाने तेथे यंत्रनिर्मिती चाले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितले, तेव्हा आयबीएमने ती अट नाकारून १९७८ मध्ये देश सोडला. आयसीएलने ती मान्य केली. आयबीएम गेल्यावर मागे राहिलेल्या यंत्रांचे काय, हा प्रश्न सरकारी ‘सीएमसी’ कंपनीने सोडविला. ती यंत्रे दुरुस्त करण्याचे काम तिने हाती घेतले, आणि एका विदेशी कंपनीच्या नावावाचूनही तिची यंत्रे चालू राहू शकतात, हे देशास दिसून आले.

विलायतेत आयसीएलला १९८४ साली एसटीसीने घेतले आणि १९९० मध्ये जपानच्या फुजित्सूने तिचा ऐंशी टक्के वाटा विकत घेतला. त्याचे पडसाद पुण्यात उमटले. पाटीवर ‘फुजित्सू आयसीआयएम’ असे नाव आले. पुढे ही कंपनी मूळच्या कोलकात्याच्या गोएंका घराण्याच्या आरपीजी समूहात नांदू लागली, यंत्रनिर्मिती मागे पडून आज्ञावलीचे काम पुढे आले आणि २००० साली तिने ‘झेन्सार’ हे नाव धारण केले. बरानगरच्या त्या पिंपयंत्राचे गोत्र असे पुण्यात एका दत्तक घराच्या रूपाने टिकून राहिले. नाव गेले, यंत्र गेले. पण शिकलेली माणसे राहिली, आणि माणसे राहिली म्हणून घर राहिले.

मुंबईचा दाखलाही बोलका आहे. अमेरिकेच्या बरोजने टाटांबरोबर ‘टाटा बरोज’ ही कंपनी काढली; अंधेरीच्या सीप्झमध्ये कित्येक मराठी तरुणांनी संगणकाचे पहिले धडे तेथे गिरविले. १९८६ मध्ये बरोजने स्पेरी कंपनीस विकत घेतले. या स्पेरीच्या कुळात टंकलेखन यंत्रांमुळे कोलकात्याच्या कचेऱ्यांतून घरोघरी ठाऊक झालेले रेमिंग्टन रँड हे नावही होते. दोन्ही नावे बाजूस ठेवून कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेतून ‘युनिसिस’ हे नवे नाव निवडले गेले. डेट्रॉइटात ठरले आणि अंधेरीत पाटी बदलली : ‘टाटा युनिसिस’. मग ती ‘टाटा इन्फोटेक’ झाली आणि २००६ मध्ये टीसीएसमध्ये मिळाली. सीएमसीचीही हीच गती झाली. २००१ मध्ये सरकारने तिचा मोठा वाटा टाटांना विकला आणि २०१५ साली ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

खालशाची उदाहरणेही कमी नाहीत. १९५७ साली एका जुन्या गिरणीच्या इमारतीत सुरू झालेली आणि एके काळी आयबीएमखालोखाल गणली गेलेली डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने ९६० कोटी डॉलरांस घेतली. चार वर्षांत स्वतः कॉम्पॅकच ह्यूलेट-पॅकार्डच्या उदरात गेली. त्या वेळी संस्थापकाच्या पुत्राने, वॉल्टर ह्यूलेट यांनी, जाहीर विरोध केला आणि भागधारकांचा कौल अगदी थोड्या मतांनी विलीनीकरणाच्या बाजूने पडला. ज्या ‘डिजिटल’ची यंत्रे जगभरच्या प्रयोगशाळांत होती, तिचे नाव आज बाजारात उरलेले नाही.

आता वदंतांविषयी. जुन्या फोर्ट विल्यमच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर लायन्स रेंज आहे. कलकत्त्याचे दलाल पूर्वी लिंबाच्या झाडाखाली जमत. १९०८ मध्ये त्यांचा रीतसर शेअरबाजार स्थापन झाला. मुंबईचे दलाल वडाखाली बसत, येथले लिंबाखाली. पण दोन्ही झाडांच्या सावलीत कुजबुज सारखीच. अशा कुजबुजीत काही तथ्य असते, नाही असे नाही. २००४ च्या डिसेंबरात आयबीएम आपला वैयक्तिक संगणकांचा विभाग विकणार ही बातमी आधी फुटली आणि काही दिवसांतच चीनच्या लेनोव्होशी झालेला सौदा जाहीर झाला. उलट २००९ च्या वसंतात आयबीएम सन कंपनीस घेणार, हे जवळजवळ ठरल्यासारखे बोलले जात होते. एप्रिलच्या आरंभी बोलणी फिसकटली आणि त्याच महिन्यात सनने ओरॅकलचा हात धरला. ‘सन विकली जाणार’ हा तर्क खरा ठरला; ‘कोणास’ हा खोटा. वदंतेचा स्वभावच असा की, घर पडायला आले आहे हे तिला बरोबर कळते, पण त्यात राहावयास कोण येणार हे तिला कळत नाही.

मग दूरदेशी नोकरी करणाऱ्याने, किंवा त्याच्या काळजीने झोप उडालेल्या आईबापांनी, अशा वार्तेकडे कसे पाहावे? आमच्या मते भाव किती चढला यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. जुनी देणी कोण फेडणार? जुन्या गिऱ्हाइकांचे दप्तर कोण सांभाळणार? आणि जुने काम जाणणारी माणसे नव्या घरात राहणार काय? १७०२ च्या करारात या तिन्हींची उत्तरे होती. म्हणून भांडखोर असूनही ती सोयरीक दीडशे वर्षे टिकली. ज्या सौद्यांत ही उत्तरे नसतात, तेथे सोयरिकीच्या अक्षता टाकून प्रत्यक्षात खालसाच होतो, आणि त्याची झळ मुख्य कचेरीपासून सर्वांत दूर असलेल्या माणसास प्रथम लागते.

नावाचा मोह मात्र धरू नये. आपल्या या किल्ल्याचेच पाहा. १७५६ च्या फेब्रुवारीत कोकणातील विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून ज्यांनी घेतला, ते वॉटसन आणि क्लाइव्ह. आणि आपल्या दुर्दैवाने पेशव्यांचे साह्य त्यांस होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याने फोर्ट विल्यम जिंकला, आणि १७५७ च्या जानेवारीत तो परत घेणारे पुन्हा हेच दोघे. त्यानंतर गोविंदपूरच्या जागेवर नवा किल्ला उभा राहिला. सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या त्या किल्ल्याचे नाव २०२४ च्या डिसेंबरात ‘विजय दुर्ग’ झाले आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. विजयदुर्ग घेणाऱ्यांच्या किल्ल्यालाच अखेर विजयदुर्गाचे नाव लाभले! काळाचा हा न्याय पाहून मराठी माणसाची छाती फुगणे स्वाभाविक आहे. परंतु नाव बदलले तरी खंदक, तट आणि त्यांची राखण करणारे शिपाई आहेत तेथेच आहेत. किल्ला त्यांच्यामुळे किल्ला आहे.

परप्रांतीच्या मंडळांवरही अशी वेळ येते. सभासद घटतात, तरुण परगावी जातात, दोन मंडळांनी एक व्हावे अशी बोलणी निघतात. तेव्हा कोणाचे नाव आधी छापावे, यावरून खुर्च्या तापतात. अशा प्रसंगी पाळीच्या सरकारातील त्या दोन अध्यक्षांचे स्मरण व्हावे. एका आठवड्यात एकाने बसावे, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याने. पण ग्रंथालयाची किल्ली, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि जुन्या सभासदांचे पत्ते नव्या हाती नीट सोपवावेत. एवढे झाले म्हणजे पाटीवर कोणतेही नाव असो, आत मराठी बोलणे चालू राहील.